केबल संपते तिथून पुढे

भुतंखेतं, देवचार, चकवा... ह्यातलं काहीच मी मानत नाही. आमच्याकडे दर वाडीत एक तरी माणूस असतो ज्याला अमावास्येला माडाखाली कुणीतरी उभं दिसलेलं असतं, आणि अशा गजाली रंगायला लागल्या की मी उठून चहा टाकायला जाते. ह्या ग्रुपवर मी आजवर नुसती वाचत आले, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसत आले. आता हसायची पाळी तुमची. माझी हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा, आणि नेटवर्कमधलं कळणारा कुणी असेल तर हे काय होतं ते मला सांगा.

माझं काम नेटवर्किंगचं. मालवणात छोटं दुकान आहे. तारकर्ली-देवबागच्या बऱ्याच होमस्टेंमध्ये वायफाय आणि कॅमेरे मी बसवलेत. मी शिडी घेऊन आले की पर्यटक हमखास विचारतात, "टेक्निशियन कधी येणार?" मी म्हणते, "आलाय, जरा शिडी धरा." सांगायचा मुद्दा हा की मी ह्या धंद्यात मुरलेली बाई आहे. लाइन का जाते ह्याची कारणं मला पाठ आहेत — खारा वारा, उंदीर, वीज, आणि चार्जर लावायला आपल्या वायफायच्या पेटीचाच प्लग काढणारे पाहुणे. ह्यापलीकडे पाचवं कारण मला कधी लागलं नव्हतं.

हे घडलं ते देवबागला, माझ्या मामाच्या घरी. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. जन्मभर मासेमारी केली. नंतर त्याच्या मुलाने, म्हणजे आमच्या दादाने, समुद्राकडच्या जागेत पर्यटकांसाठी रूम बांधल्या. घर खाडीच्या अंगाला आहे. ओटीवर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की आधी पायरी, मग खळं — आमच्याकडे अंगणाला खळं म्हणतात — खळ्यात तुळस, पुढे विहीर, मग माडांची रांग, मग दादाच्या रूम. रूमच्या मागे वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, आणि नंतर समुद्र. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरात आलेलं इंटरनेट ओटीवरच्या एका स्विचमधून निघतं आणि एका लांब केबलने रूमच्या पॅसेजमधल्या दुसऱ्या स्विचला जातं. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, एका केबलच्या अनेक वाटा करणारी पेटी. दोन पेट्यांमधली ही केबल साधारण सत्तर मीटर. ती मी आणि मामाने मिळून टाकली होती. मी प्लास्टिकचे टाय आणले होते. मामाने ते हातात घेऊन बघितले, परत माझ्या पिशवीत टाकले आणि जाळी विणायचा नायलॉनचा दोरा घेऊन आला. होडी बांधतात त्या गाठीने त्याने केबल प्रत्येक माडाला आवळली.

"मामा, इतक्या घट्ट नको. आतल्या तारा चेपतत."

"सैल बांधलेला दर्यार रवना नाय गो बाय."

"ह्यो दर्या नाय, वाडी आसा."

"आणि वारो? वारो खंयचो? दर्याचोच मा?"

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा. मला डिप्लोमाला पाठवायचं ठरलं तेव्हा घरात सगळे नको म्हणत होते, आणि तेव्हाही हा असंच एक वाक्य बोलून उठून गेला होता. आणि मी डिप्लोमाला गेले होते. त्यामुळे मी गप्प बसून शिडी धरली. त्या गाठी कधी सैल झाल्या नाहीत, आणि ह्या प्रकारापर्यंत लाइनही कधी गेली नव्हती.

त्यानंतरच्या नारळी पौर्णिमेनंतर मामा एकटाच होडी घेऊन गेला आणि परत आला नाही. होडी निवतीच्या बाजूला सापडली. इंजिन जागेवर, जाळं होडीत गुंडाळलेलं. मामा नव्हता. गावच्या होड्या कितीतरी दिवस शोधत होत्या, किनाऱ्याकिनाऱ्याने माणसं चालली. काहीच मिळालं नाही... चप्पलसुद्धा नाही. होडी दादाने आणून रूमच्या मागे वाळूत पालथी घालून ठेवली आणि वर झावळ्या टाकल्या.

देह मिळाला नाही की आमच्यात पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. भटजींनी दादाला ते सांगितलं. दादाने ते मामीला सांगितलं. मामी म्हणाली, "मी बघलंय काय तेका मेल्लो?" विषय तिथेच मिटला. दादाने परत काढला, परत मिटला. वर्ष उलटलं तरी मामी कुंकू लावत होती, आणि रोज सकाळी होड्या परतायच्या वेळेला पायरीवर पाण्याचा तांब्या ठेवत होती. हे तिचं लग्न होऊन आल्यापासूनचं काम. मामा यायचा तो पायाला वाळू आणि खवले घेऊन, आणि मामी त्याला आधी पाय धुवायला लावायची. आता पाय धुणारं कुणी नव्हतं. दुपारी ती तांब्यातलं पाणी तुळशीला घालायची. दादा हे रोज बघायचा आणि मान फिरवून रूमकडे जायचा.

पुढच्या सीझनला दादाचा फोन आला. "नेट जाता गो. रोज सकाळी. नाश्त्याक बसले की सगळे मोबाइल वर करून फिरतत."

मी दुपारी गेले तर सगळं ठणठणीत. दोन्ही पेट्यांवर हिरवे दिवे. दादाला दोन शब्द ऐकवून परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. मग मी मुद्दाम सकाळी गेले. होड्या यायला लागल्या होत्या, वाळूवर बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या, आणि ओटीवरच्या पेटीतला रूमकडे जाणाऱ्या केबलचा दिवा माझ्या डोळ्यांदेखत हिरव्याचा नारिंगी झाला आणि विझला. थोड्या वेळाने आला, परत विझला. होड्या लागून मासळीचा लिलाव आटपला तसा तो हिरवा झाला आणि दिवसभर तसाच राहिला.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. आधी दोन्हीकडचे पेटीला जोडणारे केबलचे छोटे तुकडे बदलले. मग केबल पेटीतल्या दुसऱ्या खाचेत घातली. खाऱ्या हवेने पिना हिरव्या होतात म्हणून दोन्ही टोकं कापून नवीन कनेक्टर बसवले. मग ओटीवरची पेटी नवी, मग रूममधली नवी. सकाळी व्होल्टेज पडतं का ते बघितलं. वहिनीला मिक्सर लावायला बंदी केली, त्यावरून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. कुणा पाहुण्याने एकाच पेटीत केबलची दोन्ही टोकं खुपसलीत का, तेही तपासलं. काही नाही. रोज सकाळी दिवा विझायचा म्हणजे विझायचा.

राहिली केबल. मी टेस्टर काढला. हा टेस्टर केबलमध्ये एक ठोका पाठवतो. जिथे तार तुटली असेल किंवा संपली असेल तिथून तो ठोका परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून टेस्टर अंतर सांगतो. विहिरीत हाक मारून पाणी किती खोल आहे ते ओळखावं, तसं. माझा अंदाज होता की मामाच्या कुठल्यातरी गाठीखाली तार चेपली असणार, म्हणजे आकडा पन्नासेक मीटरचा येईल आणि तो माड गाठून मी केबल सोडवीन. टेस्टर ओटीवर लावला, बटण दाबलं.

चारशेच्या वर.

सत्तर मीटरच्या केबलमध्ये चारशे मीटरवर काही बिघडूच शकत नाही. केबलच नाही तिथे. मी परत दाबलं, तेच. गाडीतून नवीन केबलचा मोजलेला तुकडा आणून टेस्टरला लावला, तर अगदी बरोबर अंतर. टेस्टर ठीक होता. पुन्हा मामाची केबल लावली... चारशेच्या वर. दुपारी दिवा हिरवा झाल्यावर तीच केबल, तोच टेस्टर — सत्तर, सगळं बरोबर. कोल्हापूरच्या सप्लायरला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, ऊन फार आहे का तिकडे?"

मी फोनवर त्याच्याशी भांडत होते तेव्हा मामी बाजूला आडोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ खवत बसली होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "चारशे मीटर म्हणजे खंय गो?"

मी डोकं न वापरता हात केला. "रूमच्या मागे, पाणयात. लाटा फुटतत तेच्याही भायर."

तिने खवणं थांबवलं. मी दाखवलेल्या दिशेला बघितलं. मग वाटीभर खोबरं आत घेऊन गेली. तेव्हा मला जाणवलं की मी काय बोलून बसले.

काही दिवसांनी सकाळी पुन्हा गेले. ह्या वेळी आकडा कमी आला. मनात म्हटलं, ओलावा असणार, हवा कोरडी होतेय तसा बदलतोय. अंतर जुळवून बघितलं तर ते लाटा फुटतात तिथलं होतं. मामी ओटीच्या दारात उभी होती.

"आज खंय?"

मला खोटं सांगता आलं असतं. पण तिचा आवाज इतका साधा होता, गाडी कुठपर्यंत आली असं विचारावं तसा, की मी सांगून टाकलं. तिने नुसती मान हलवली.

पुढच्या खेपेला आकडा वाळूत आला. मी मोजायचा टेप घेऊन चालत गेले. मला स्वतःलाच स्वतःची लाज वाटत होती, पण गेले. अंतर पुरं झालं तिथे झावळ्यांखाली मामाची होडी पालथी होती. मी तिथून रूमच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून ओटीकडे बघितलं तर मामी माझ्याकडेच बघत होती. परत येऊन मी टेप गुंडाळायला लागले. तीच म्हणाली, "होडयेकडे?"

"होय."

आकडा तिथेच अडकला. एकदा गेले, दुसऱ्यांदा गेले, होडीपाशीच. मला वाटलं, चला, आता स्थिरावला, म्हणजे काहीतरी यांत्रिक कारण आहे. मामी म्हणाली, "जाळा सुकत घालीत असतलो. तो तसो येना नाय मगे." जाळं सुकत घातल्याशिवाय मामा कधी घरी यायचा नाही, हे खरं होतं. लहानपणी मी कितीदा तरी भुकेने कळवळत त्याची वाट बघत बसलेय.

ह्या सगळ्यात दादाचा सीझन चालू होता. पाहुणे रिव्ह्यूमध्ये वायफायबद्दल वाईटसाईट लिहीत होते. मी फायबर केबल मागवली होती. जुनी काढून नवी टाकायची की प्रश्न मिटला. केबल गुंडाळलेला ड्रम आला, तो गाडीत घालून मी देवबागला गेले, खळ्यात उतरवला. मामी बाहेर आली.

"ह्या कसला?"

"नवीन केबल, मामी. जुनी काढतंय आता."

ती पायरी उतरून खाली आली. भिंतीवरून जाणारी मामाची केबल तिने हाताने धरली. ओढली नाही, नुसती धरली. "रव वायच. तेका येव दे."

दादा रूमकडून आला. त्याने ऐकलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण बोलला तेव्हा आवाज फुटला. "आये, ती वायर आसा. बाबा नाय तो."

"माका म्हायत आसा ती वायर आसा," मामी म्हणाली. "बांधलेली कोणी?"

मी त्या दोघांच्या मध्ये उभी होते आणि मला अगदी लहान मूल असल्यासारखं वाटत होतं. काम म्हणून विचाराल तर केबल बदलणं हाच इलाज होता. मी ड्रम उचलून परत गाडीत ठेवला. दादाला म्हटलं, रूममध्ये सिमकार्डवर चालणारा राउटर देते, पाहुण्यांचं त्यावर भागेल, ही केबल राहू दे थोडे दिवस. सिमकार्ड आणायला तो स्वतः मालवणात गेला.

त्यानंतर अंतर पुन्हा कमी व्हायला लागलं. रूमच्या मागची भिंत, मग पॅसेज, मग माडांची रांग. आता आकडा केबलच्या आत आला होता, म्हणजे आता तरी हा साधा बिघाड मानायला वाव होता. मी शिडी लावली आणि तो आकडा जिथे पडत होता तिथली गाठ सोडली. खालची केबल बघितली, वाकवून बघितली, भिंगाने बघितली. कुठे चिरलेली नाही, चेपलेली नाही. मग आजूबाजूच्या गाठीही सोडून बघितल्या. मामाने मला खोटं पाडलं होतं, त्याच्या गाठींनी केबलला काहीही झालं नव्हतं.

परत बांधायची वेळ आली तेव्हा मला ती गाठ येईना. दोरा घेऊन मी शिडीवर घोटाळत होते. खालून दादा म्हणाला, "उतर." तो वर चढला. वडिलांवर रागावलेला, आईवर रागावलेला, ह्या सगळ्या प्रकाराला खुळेपणा म्हणणारा दादा. त्याने एकेका माडाला ती गाठ मारली, मामा मारायचा अगदी तशीच, शेवटी दाताने दोरा ओढून. खाली उतरला तेव्हा डोळे लाल होते. मी म्हटलं, "घट्ट जाली काय?" तो म्हणाला, "सैल बांधून कसा चलात?" आणि तोंड धुवायला विहिरीवर गेला.

मग एका सकाळी आकडा विहिरीपाशी आला. मग तुळशीपाशी. त्या दिवशी मामीने मला विचारलंही नाही, माझ्याकडे बघून तिला कळलं. निघताना मला म्हणाली, "फाल्या लवकर ये." उद्या लवकर ये. असं तिने आधी कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा खळं सारवलेलं होतं. मामीने आंघोळ करून ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. स्वयंपाकघरातून बांगड्याच्या झणझणीत तिखल्याचा वास येत होता, जो त्या घरात मामा गेल्यापासून आला नव्हता. पायरीवर तांब्या घासून लख्ख केलेला. ओटीवर पाट मांडलेला. दादा कुठेही न जाता खांबाला टेकून उभा होता.

किनाऱ्यावर होड्या लागायला लागल्या. माणसांच्या हाका ऐकू यायला लागल्या. पेटीतला दिवा नारिंगी झाला आणि विझला. मी टेस्टर लावला. बटण दाबलं.

शून्य.

शून्य म्हणजे बिघाड टेस्टरच्या तोंडाशीच आहे. म्हणजे इथे, ह्या ओटीवर. मी टेस्टर नुसता मामीकडे वळवला. तिला आकडे वाचता येतात. तिने बघितलं, मग पायरीकडे तोंड केलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली,

"पाय धू आधी."

पायरीवर कुणी नव्हतं. वाराही नव्हता. तुमच्यापैकी कुणी म्हणेल की काही दिसलं असेल, वास आला असेल, तर नाही. मला काहीही दिसलं नाही. ऊन होतं, पायरी होती, तांब्या होता. मामीने आत जाऊन ताट वाढून आणलं, पाटासमोर ठेवलं आणि बाजूला बसली. मग बोलायला लागली. झिलाने, म्हणजे आमच्या दादाने, रूमना रंग काढलान, म्हणाली. नात आता शाळेत जाते, बसने जाते. विहिरीकडच्या माडाला कीड लागली होती, तो तोडला नाही, औषध घातलं. दर्यावरून आलेल्या माणसाला जेवताना घरातल्या गोष्टी सांगाव्यात तशी सांगत होती. मध्येच म्हणाली, "एकटो कित्याक गेलंस तां मी इचारणंय नाय." एकटा का गेलास ते मी विचारत नाही. दादा खांबामागे तोंड लपवून रडत होता.

मग तिच्याकडचं सांगायचं संपलं. मागे न वळताच ती मला म्हणाली, "बघ गो परत."

मी बटण दाबलं. सत्तर मीटर. सगळ्या तारा बरोबर. केबल काढून पेटीत घातली तर दिवा लागला — हिरवा, स्थिर. बाहेर अजून होड्या लागत होत्या. इतक्या दिवसांत ह्या वेळेला तो दिवा कधी टिकला नव्हता. आणि इतक्या वर्षांची सवय, लाइन आली की म्हणते तेच माझ्या तोंडून निघून गेलं, "इली लाइन, मामी."

तिने मान वर केली. "म्हणजे तो गेलो," ती म्हणाली.

माझं सगळं आयुष्य तो दिवा हिरवा करण्यात गेलंय. त्यावर माझं पोट चालतं. त्या सकाळी पहिल्यांदा मला वाटलं की तो परत विझावा. मी मनातल्या मनात त्याला विझ म्हणत होते. तो विझला नाही. मी खाली बसले आणि मामीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली ती मामीच.

मग ती उठली. तांब्या उचलून बघितला. भरलेला होता, काठोकाठ, तिने ठेवला होता तसाच. ते पाणी तिने तुळशीला घातलं. दादाला म्हणाली, "भटांका सांग." बांगड्या तिने स्वतःच काढून देवापुढे ठेवल्या. आम्ही नको म्हणत होतो, ऐकलं नाही.

पळसाचा पुतळा वाळूत केला, मामाच्या होडीपासून जवळच. भटजी दर्भाने बांधायला लागले तेव्हा दादाने खिशातून जाळ्याचा दोरा काढला. नायलॉन चालणार नाही, असं भटजी म्हणाले. मग दादाने त्यांच्या हातातला दर्भच घेतला आणि त्याचीच ती गाठ मारली, घट्ट. अग्नी दिला तेव्हा मामी घराच्या पायरीवर बसून होती, तिथून धूर दिसतो.

लाइन त्यानंतर एकदाही गेलेली नाही. केबल मामाचीच आहे. फायबरचा ड्रम माझ्या दुकानात धूळ खात पडलाय. मी हे दोन-तीन जाणकारांना विचारलं. एक म्हणाला केबलमध्ये पाणी शिरलं असेल. पाणी शिरलं तर आकडा थोडा चुकतो, केबलच्या सहापट होत नाही, आणि असा दिवसेंदिवस घरी चालत येत नाही. दुसरा म्हणाला होड्यांच्या वायरलेसचा अडथळा. असेल, पण मग होड्या आजही येतात. टेस्टर मी कंपनीकडे तपासायला पाठवला होता, निर्दोष म्हणून परत आला. मला उत्तर मिळालेलं नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा, मी भांडणार नाही.

अजूनही सीझनच्या आधी मी देवबागला तपासणीला जाते. वहिनी सांगते की पायरीवरचा तांब्या मामीने कधीच बंद केला, एरवी तो नसतो. फक्त मी येणार असले की त्या सकाळी ठेवलेला असतो. मी ओटीवर टेस्टर लावते, तशी मामी हातातलं काम टाकून येऊन उभी राहते.

"काय दाखयता?"

"सगळा बरोबर आसा, मामी."

"बरां," ती म्हणते, आणि तांब्या उचलून आत नेते.